तोंडातला थर्मामीटर

दि. ६ जानेवारी

ताई,

नमस्कार. हे पत्र दुकानात उघडलं असशील तर घडी घाल आणि घरी जाऊन वाच. गिऱ्हाइकांसमोर तुझा चेहरा कसा होतो ते मला चांगलं माहीत आहे.

मी गोळ्या बंद केल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला पाकीट संपलं, दुसरं उघडलं नाही. नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी तुझ्याकडून येणारा खोका आता पाठवू नकोस. कारण विशेष काही नाही, डोकं दुखायचं.

आम्हाला मूल नको, हे ठरलेलं आहे आणि त्यात बदल नाही. म्हणून मी दुसरी पद्धत शिकते आहे. सकाळी जाग आली की अंथरुणातून न उठता, एक अक्षर न बोलता तोंडात थर्मामीटर धरायचा आणि आकडा टिपायचा. स्त्रीबीज सुटलं की अंगाचं तापमान किंचित चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. शिवाय अंगावरून जाणारा स्राव रोज कसा आहे ते बघून लिहायचं. दोन्हींचा मेळ बसला की कुठले दिवस जपायचे आणि कुठले मोकळे ते कळतं.

इथे वेधशाळेत सात थर्मामीटर आहेत. सगळे पांढऱ्या पेटीत, सगळे हवेसाठी. मी दर तीन तासांनी डोंगरावरच्या वाऱ्याचं तापमान लिहिते, पण तोंडात घालण्यासारखा एकही नाही. नवऱ्याने मोबाइलवर एक अ‍ॅप उतरवून दिलं होतं. ते मला रोज 'सुप्रभात राणी' म्हणायचं आणि एक फूल उमलवायचं. माझं अंग म्हणजे काय कुंडी आहे? काढून टाकलं. तू मला दोन दशांशांपर्यंत दाखवणारा आणि मागचे आकडे साठवणारा साधा थर्मामीटर पाठव. फोन करू नकोस. डोंगरावर रेंज नाही, आणि ऑफिसचा एकमेव फोन साहेबांच्या टेबलावर आहे. टपाल मंगळवारच्या जीपनं येतं.

धाकटी

---

दि. १७ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी हात जरा आखडता घेतला आहे.

पत्र दुकानातच उघडलं. खोकल्याचं औषध न्यायला मास्तर आले होते. म्हणाले, "काय बाई, घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "धाकटी बहीण तोंडात थर्मामीटर घालून बसली आहे." ते म्हणाले, "ताप आहे का तिला?" म्हटलं, "तिला नाही हो, आम्हाला आहे." सगळं दुकान हसलं.

अगं, शहाण्यासुरत्या माणसांनी प्रयोगशाळांत डोळे फोडून नखाएवढी गोळी बनवली, ती कशासाठी? तू सकाळी उठून स्राव दोन बोटांत ताणून बघावास म्हणून? नैसर्गिक, म्हणे! आपल्या आजीचं सगळं नैसर्गिकच होतं. अकरा बाळंतपणं झाली तिची, आणि बाराव्याच्या भीतीनं ती आजोबांच्या खोलीत जाईना. तेवढीच तिची पद्धत.

डोकं दुखतं म्हणून गोळी सोडली? डोकं माझंही दुखतं. बावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावते आहे. मी काय दुकान सोडलं?

तुला तांबी सोसली नाही, ती काढावी लागली, हे कबूल. पण म्हणून थेट ज्योतिष? थर्मामीटर पाठवते आहे, तीस आकडे साठवतो. सोबत कंडोमचा मोठा खोका आहे. तुझ्या आलेखापेक्षा माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे. जावईबापूंना माझ्यातर्फे सप्रेम भेट.

ताई

---

दि. २ मार्च

ताई,

थर्मामीटर मिळाला. टोमणेही मिळाले. ते थर्मामीटरपेक्षा नीट गुंडाळले होतेस.

मला शिकवणारी भेटली आहे. पायथ्याच्या वस्तीत एक सिस्टर राहतात. प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या. टेबलावर फूटपट्टी असते आणि ती फक्त रेघा मारायला नसते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "माझं चक्र अठ्ठावीस दिवसांचं आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशावरून?" मी म्हटलं, "नऊ वर्षं अगदी वेळेवर येत होती." त्या म्हणाल्या, "पाकिटात अठ्ठावीस गोळ्या होत्या म्हणून. ती पाळी नव्हती बाई, गोळी थांबली की होणारा रक्तस्राव होता तो. तुझ्या अंगाला कुणी मोजून पाकिटात भरलेलं नाही."

आणि खरंच नाही. गोळ्या सुटल्यावरचं पहिलं चक्र अडतीस दिवसांचं, दुसरं चाळीस. आलेख असा, की माकडाच्या हाती पेन्सिल दिली असावी. सिस्टरांचा दंडक आहे की पहिली तीन चक्रं नुसतं शिकायचं, भरवसा ठेवायचा नाही. त्यानंतरही, तापमान तीन दिवस चढलेलं आणि स्राव सुकलेला, दोन्ही असेल तरच दिवस मोकळा. एकानं भागत नाही.

पण दुसऱ्या चक्राच्या शेवटाकडे ते दिसलं बघ. दोन दिवस स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला तर तुटेना. मग तो आटला आणि थर्मामीटर छत्तीस पूर्णांक चारवरून छत्तीस पूर्णांक सातवर गेला. तिथेच राहिला, पुढचे बारा दिवस. मी चौतीस वर्षांची आहे. माझ्या अंगात हे दर महिन्याला चालतं आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. औषधशास्त्र शिकलेल्या थोरल्या बहिणीनंसुद्धा नाही.

हा दर तीन आठवड्यांनी पुलाच्या कामावरून चार दिवसांच्या रजेवर येतो. खोक्याकडे बघून तोंड कडू करतो, पण सकाळी माझ्या तोंडातला थर्मामीटर काढून आलेखावर ठिपका तोच देतो. मला हलायचं नसतं ना. तेवढा तरी हातभार. मला बरं वाटलं.

धाकटी

---

दि. २० मार्च

चि. धाकटीस,

स्रावाचं इतकं रसाळ वर्णन जेवायच्या आधी वाचायला दिल्याबद्दल आभार.

आता माझं ऐक. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, माणूस काय मागतो आणि त्याला खरं काय हवंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. मूल नको असलेली बाई अंड्याच्या पांढऱ्यावर पानभर लिहीत नाही. तुला मूल हवं आहे. 'ठरलेलं आहे, ठरलेलं आहे' असं इतकी वर्षं सांगत फिरलीस, आता शब्द फिरवायची लाज वाटते, म्हणून हे थर्मामीटरचं सोंग. हरकत नाही. चौतीस म्हणजे काही उशीर नाही. माझ्यापाशी तरी आडपडदा कशाला?

आईच्या मी हळूच कानावर घातलं आहे. ती इतकी खूश झाली की तिचे गुडघे दुखायचे थांबले.

ताई

---

दि. २७ एप्रिल

ताई,

आईचं पार्सल आलं. तळहाताएवढे दोन स्वेटर, एक पिवळा, एक पांढरा, आणि सोबत चिठ्ठी: 'गोड बातमीची वाट बघते.' ते साहेबांसमोर उघडलं गेलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मला शिडी चढायला मनाई केली. आता वाऱ्याची दिशा मी जमिनीवरून अंदाजानं लिहायची का?

तुला चेहरे वाचता येतात ना? मग पत्रं वाचायलाही शीक. मला मूल नको, असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला मूल नको, असा होता.

स्वेटर परत पाठवणार होते. पण आज ते टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले आहे, कारण पुढचं ऐक.

चौथं चक्र १ एप्रिलला सुरू झालं. तीन संपली होती, आता भरवसा ठेवायचा. सोळाच्या रात्री हा चार दिवसांसाठी आला. सतरा, अठरा, एकोणीस, तीन दिवस सकाळी ठिपके ह्याने दिले. तिन्ही वर. स्राव मला पूर्ण सुकल्यासारखा वाटत नव्हता. मी म्हटलंसुद्धा, "अजून नक्की नाही वाटत." हा आलेख नाकासमोर धरून म्हणाला, "तू वेधशाळेत काम करतेस आणि आकड्यावर विश्वास नाही?" मी अंगाचं ऐकायचं सोडून कागदाचं ऐकलं. एकोणीसच्या संध्याकाळी तुझा खोका कपाटातच राहिला.

वीस तारखेला पहाटेच हा गेला. त्या दिवशी ठिपका मी दिला, तो खाली आला. एकवीसला खाली. बावीसला चढला आणि तिथेच राहिला. मला काही उमगेना. चोवीसला थर्मामीटरमधले जुने आकडे काढून बघितले. सतरा तारखेला छत्तीस पूर्णांक एक्केचाळीस होतं. ह्याने लिहिलं होतं छत्तीस पूर्णांक सहासष्ट. पुढचे दोन दिवसही तसेच. तिन्ही ठिपके खोटे.

जीपनं खाली गेले आणि सिस्टरांच्या घरून फोन लावला.

"आकडे तू बदललेस?"

"अगं, एवढ्याशा फरकानं काय होतं?"

"का बदललेस?"

मग म्हणाला, "चार दिवसांची तर रजा. ती अशीच गेली असती."

ताई, मूल हवं म्हणून फसवलं असतं तर मी भांडले असते, पण काहीतरी समजलं तरी असतं. ह्याला मूल नको होतं. ह्याला फक्त कंडोम नको होता. दोन दिवस थांबवेना म्हणून ह्याने माझ्या अंगाची नोंद खोटी केली. आमच्या एका सहकाऱ्यानं पावसात भिजायच्या कंटाळ्यानं एकदा खोलीत बसून आकडा लिहिला होता. त्याला पंधरा दिवसांत हलवलं. नवऱ्यांची बदली कुठल्या ऑफिसात होते?

बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी असते, हे लिहू नकोस. मला माहीत आहे. माझ्या लक्षात येईपर्यंत पाच दिवस उलटले होते. आता पाळीची वाट बघते आहे.

धाकटी

---

दि. ४ मे

चि. धाकटीस,

जावईबापूंना पुलावरून खाली ढकलायला किती माणसं लागतील ते कळव, मी गाडी करून घेऊन येते. पुलाचा खांब अर्धं बोट चुकला तर हा माणूस मुकादमाचा जीव खातो, आणि बायकोच्या अंगाच्या बाबतीत म्हणे एवढ्याशा फरकानं काय होतं!

आईला स्वेटरांबद्दल काहीतरी सांगते. ते माझं चुकलं. पुरे, एकदाच लिहिते.

पण आता मला बोलू दे. मी म्हटलं नव्हतं? पहिल्या पत्रापासून म्हणते आहे. ज्या पद्धतीत नवऱ्याची दानत लागते ती बाईनं वापरूच नये. गोळीचं असं नसतं. तू ती पाण्याबरोबर गिळतेस आणि त्यात कुणाला पेन्सिल खुपसता येत नाही. नऊ वर्षांत एक दिवस तरी चुकला? एकदा तरी कॅलेंडरकडे बघत बसायची पाळी आली? झालं काय तुला गोळीनं? डोकं दुखलं! सहा महिन्यांची पाकिटं पाठवते आहे, वर गर्भ तपासायची पट्टी. पट्टीवर एक रेघ आली की त्याच दिवशी पाकीट उघड. दोन आल्या तर मी येते, पुढचं काय करायचं ते आपण दोघी बघू. हट्ट आता पुरे झाला. थोरल्या बहिणीचं एकदा तरी मुकाट्यानं ऐक.

ताई

---

दि. १२ मे

ताई,

सात तारखेला पाळी आली. सदतिसाव्या दिवशी, सकाळच्या नऊच्या नोंदीच्या आधी. मी पांढऱ्या पेटीला टेकून रडले आणि मग तापमान लिहिलं.

तू पाठवलेली पाकिटं या पार्सलमधून परत करते आहे. एकही उघडलेलं नाही. का, ते आता लिहिते. लिहायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सुट्टीत तुझ्याकडे आले होते. काउंटरपाशी उभी राहून म्हटलं होतं, "ताई, कधी कधी डोळ्यांपुढे चकाकत्या रेघा येतात गं, आरीच्या दातांसारख्या. मग डावा हात बधिर होतो आणि नंतर अर्धं डोकं ठणकतं." तू म्हणालीस, "दिवसभर आकाशाकडे बघत बसल्यावर चांदण्याच दिसणार!" मास्तर हसले. तू मला डोकेदुखीच्या गोळ्या दिल्यास आणि त्याच पिशवीत तीन महिन्यांचा तो खोका टाकलास.

गेल्या नोव्हेंबरात दुपारची नोंद घेताना मला आकडा वाचता येईना. रेघा आल्या, हात गेला आणि मग शब्द गेले. साहेब विचारत होते, "काय होतंय?" आणि मला 'पाणी' हा शब्द सापडत नव्हता. दहा-बारा मिनिटं. त्यांनी मला जीपमध्ये घालून खाली नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" नाव सांगितलं तर पेन खाली ठेवलं. "अशी अर्धशिशी असलेल्या बाईला या गोळ्या देत नाहीत. मेंदूत गुठळी होऊन अर्धं अंग लुळं पडायची भीती असते. नऊ वर्षं? कुणी दिल्या? रक्तदाब तरी कुणी तपासला?"

मी म्हटलं, "दुकानातून मीच आणते." कुणाच्या दुकानातून, ते सांगितलं नाही.

तुझी थट्टा सोसणं सोपं होतं. हे लिहिणं सोपं नव्हतं. म्हणून 'डोकं दुखायचं' एवढंच लिहिलं. तू विचारलं असतंस, कसं दुखायचं, तर कदाचित सांगितलं असतं. पाच महिन्यांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस, ताई. नुसती उत्तरं पाठवत राहिलीस.

धाकटी

---

दि. ३० जून

धाकटे,

सात आठवडे लागले. चार पत्रं लिहून फाडली.

पहिल्यात मी लिहिलं होतं की तू तेव्हा नीट सांगितलं नाहीस. दुसऱ्यात, की सगळी दुकानं अशाच गोळ्या देतात, डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. तिसऱ्यात, की तुला झालं तर काहीच नाही ना शेवटी. चौथ्यात नुसती रडले होते. ते सगळ्यात खोटं वाटलं.

तू सांगितलं होतंस. आरीचे दात, हा शब्दही तोच. मला आठवतं. मास्तर हसले आणि मला बरं वाटलं, की चला, बाईंची जीभ अजून चालते आहे. बहीण काय म्हणते आहे ते कानावरून गेलं.

प्रत्येक खोक्यात एक घडीची चिठ्ठी असते. बावीस वर्षं मी ते खोके विकते आहे. तुझं पत्र आल्यावर ती चिठ्ठी मी पहिल्यांदा पुरी उलगडली, भिंगाखाली धरून वाचली. 'यांनी घेऊ नये' या मथळ्याखाली तिसऱ्याच ओळीत छापलेलं आहे. तुला ज्योतिषी म्हणाले होते. पोथी न वाचता दक्षिणा घेणारी मीच निघाले.

मग एक वही घेतली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय माझ्याकडून या गोळ्या नेणाऱ्या बायका आठवून लिहिल्या. एकतीस निघाल्या. काउंटरवर रक्तदाबाचं यंत्र ठेवलं आणि येईल तिला आतल्या खोलीत घेऊन विचारायला लागले. डोकं कसं दुखतं, डोळ्यांपुढे काही येतं का, पाय सुजतात का, विडी-सिगरेट ओढता का. एक म्हणाली, "आज काय पोलीस आलेत का तुमच्याकडे?" दुसरी रागावून समोरच्या दुकानात गेली. दोघींचा रक्तदाब इतका होता की मी यंत्र पुन्हा लावून बघितलं. त्यांना डॉक्टरकडे धाडलं.

आणि एक शाळेत गणित शिकवणारी. म्हणाली, "चमकतं ना. फळ्याच्या अर्ध्या भागात अक्षरंच दिसत नाहीत. मी समजले चष्म्याचा नंबर वाढला." मी दुकान बंद केलं आणि तिला स्वतः घेऊन गेले. तिच्याही गोळ्या बंद झाल्या. दोन दिवसांनी ती दुकानात आली. चार माणसं उभी होती, मास्तरही होते. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती म्हणाली, "हे मला सहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंत." आणि गेली.

कुणी हसलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही आणि मला ते बरोबरच वाटलं.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. येत असतं तर आतापर्यंत पुष्कळ वेळा उपयोगी पडलं असतं. म्हणून विचारते. आता डोकं कसं आहे? रेघा येतात? हात? शेवटचं कधी आलं होतं? सगळं लिही, मी मध्ये बोलणार नाही.

ताई

---

दि. ९ जुलै

ताई,

गोळ्या सुटल्यापासून रेघा दोनदा आल्या. जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, ज्या दिवशी थर्मामीटरमधले जुने आकडे पाहिले त्या दिवशी. हात बधिर झाला नाही. शब्द गेले नाहीत. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा यायच्या.

जावईबापूंची बातमी. सहा आठवडे रुसून बसले होते, मग गेल्या महिन्यात रजेवर आले आणि सिस्टरांच्या तावडीत सापडले. सिस्टर म्हणाल्या, "ही पाच महिने रोज पहाटे तोंडात थर्मामीटर धरून मुक्यानं पडून राहते. तू अर्धा तास टेबलावर पडून राहा." हा म्हणाला, "पण मला कामावर वजनं उचलावी लागतात." त्या म्हणाल्या, "त्या जागेनं उचलतोस का?" तिसऱ्या दिवशी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. परत आला तो असा चालत, जणू अख्खा पूल पाठीवरून आणला. तीन महिन्यांनी तपासणी होऊन पक्कं कळेपर्यंत खोका आणि आलेख दोन्ही चालू आहेत. ठिपके मी देते. ह्याने परवा पेन्सिल पुढे केली, मी बघितलं नाही.

आम्ही एकाच घरात आहोत. बोलतो. किती काळ ते मला माहीत नाही, आणि तुला माहीत असेल तर कृपा करून कळवू नकोस.

आता तुझं. 'माफ केलं' असं लिहायला बसले होते, पण तसं अजून वाटत नाही. वाटेल तेव्हा कळवीन. त्या गणिताच्या बाई बरोबर बोलल्या. त्यांना उत्तर देऊ नकोस. मलाही नको.

पण ये. माफी व्हायची वाट बघत बसू नकोस, रागातच ये. दुकान चार दिवस बंद ठेव, मास्तर खोकतील थोडे. मंगळवारच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा सांगून ठेवली आहे. मागच्या बाकावर बसलीस तर धक्क्यांनी वर पोचेपर्यंत दातखीळ बसेल, आणि मला तू माझ्यासमोर बसून, आवाज न चढवता, एकेक प्रश्न विचारायला हवी आहेस.

धाकटी